चौदा पिकांची पड जमीन

कोणतीही गोष्ट आधी कागदावर असावी लागते. मग ती रानात नसली तरी चालते. हे तत्त्व शासन, सहकार आणि लग्नपत्रिका या तिन्ही ठिकाणी सारखंच लागू पडतं. आमच्या गावाने तर त्या तत्त्वावर एक पुस्तकच काढलं आहे. नाव 'ग्राम कृषी शब्दकोश', पृष्ठे चौसष्ट, शब्द एक्केचाळीस, संपादक मी.

माझी ओळख थोडक्यात. गावच्या पाणीपुरवठा संस्थेत मी बत्तीस वर्षं लिहिण्याचं काम केलं, त्यातली शेवटची वीस सेक्रेटरी म्हणून. निवृत्त झालो तरी गाव मला सेक्रेटरीच म्हणतं. ठराव लिहिण्यात माझा हात धरणारा तालुक्यात कुणी नाही, असं ज्यांच्याविरुद्ध ठराव झाले तेच सांगतात.

गाव हातकणंगले तालुक्यात आहे. नाव मुद्दाम देत नाही. तसंही वर्षातले दहा महिने आमची नावाची पाटी उसात बुडालेली असते आणि आमच्याकडे निघालेले पाहुणे सरळ पुढच्या गावात जातात. (तिथे त्यांचा पाहुणचार चांगला होतो असं ऐकतो.) लागवडीखालचं क्षेत्र चारशे बारा हेक्टर. त्यातला ऊस चारशे अकरा पूर्णांक आठ दशांश हेक्टर. म्हणजे शेकडा नव्व्याण्णव पूर्णांक पंचाण्णव. शाळेच्या निकालातसुद्धा एवढा टक्का आम्ही कधी गाठलेला नाही.

गेल्या वर्षी वरून एक परिपत्रक आलं. नव्या पिढीला शेतीतले शब्द येईनासे झाले आहेत, अशी चिंता वर कुणाला तरी पडली होती. चिंता पडली की योजना निघते. या योजनेत प्रत्येक गावाने शेतीच्या शब्दांचा कोश तयार करायचा होता: शब्द, अर्थ, वाक्यात उपयोग, आणि गावाच्याच शिवारात काढलेला पिकाचा फोटो. ज्या गावाचा कोश उत्तम ठरेल आणि ज्या गावात पिकांची विविधता दिसेल, त्याला बक्षीस म्हणून पक्का पाणंद रस्ता.

बक्षीस वाचल्यावर गावात भाषेविषयी जे प्रेम उसळलं त्याला तोड नाही. पाणंद म्हणजे रानात जाणारी गाडीवाट. आमची पाणंद पावसात ओढा असते आणि तोडीच्या हंगामात भांडण. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर तिच्यात रुतला की मागचा सगळा ऊस चार-चार दिवस वाळत पडतो. ज्याने आपला ऊस असा वाळताना पाहिलाय त्याला शब्दांचं महत्त्व वेगळं पटवावं लागत नाही.

समिती त्याच दिवशी झाली. अध्यक्ष, सरपंच उदयसिंह. छायाचित्रकार, त्यांचे चुलतभाऊ अमरसिंह (पात्रता: चांगला मोबाईल, आणि तो रुतणारा ट्रॅक्टर यांचाच). तांत्रिक सल्लागार, प्रियदर्शनी, गावातली पहिली बी.एस्सी. ॲग्री. ज्येष्ठ मार्गदर्शक, आण्णा, वय ब्याऐंशी. लिहायला मी.

कामाला आम्ही गंभीरपणे भिडलो. काही नोंदी नमुन्यादाखल देतो.

एकपीक पद्धती: एकाच जमिनीत वर्षानुवर्षे एकच पीक घेणे. वाक्यात उपयोग: 'ही घातक पद्धत आमच्या गावात नाही, आमच्याकडे आडसाली ऊस, पूर्वहंगामी ऊस, सुरू ऊस आणि खोडवा अशी चार पिके घेतात.' (पहिली तीन नावं लावणीच्या महिन्यांवरून पडलेली, चौथं म्हणजे तोडलेल्या उसाच्याच बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस. प्रियदर्शनीने इथे हरकत घेतली. तिची हरकत कौतुकासह नोंदवून घेतली.)

फेरपालट: एका पिकानंतर दुसरे पीक घेणे. 'लावणीनंतर खोडवा घेऊन आम्ही फेरपालट करतो.'

मिश्र पीक: दोन जातींचा ऊस चुकून एका सरीत पडणे.

आंतरपीक: मुख्य पिकाच्या दोन ओळींत घेतलेले दुसरे पीक. 'आंतरपीक घेणार होतो, पण ट्रॅक्टरला आडवं येतंय.'

हिरवळीचे खत: ताग किंवा धैंचा पेरून फुलावर आला की जमिनीत गाडणे. 'हिरवळीचे खत वाचनात आले.'

जैवविविधता: ऊस, उसातला उंदीर, उंदरामागचा साप, सापामुळे न आलेला मजूर, आणि राधानगरीकडून वाट चुकून उसात शिरलेला एखादा गवा.

तेविसावा शब्द 'पड' होता. मी लिहिलं, 'ज्या जमिनीत या हंगामात कोणतेही पीक घेतलेले नाही ती.' उदयसिंहांनी ते दोनदा वाचलं.

"सेक्रेटरी, कोणतंही पीक म्हंजे काय? उगंच लांबण कशाला? ऊस म्हणा की सरळ."

मी दुरुस्ती केली: 'ज्या जमिनीत ऊस नाही ती.' नऊ शब्दांची व्याख्या पाचांवर आली. भाषा आटोपशीर झाली म्हणून आण्णांनी माझी पाठ थोपटली, आणि खोटं का बोलू, मलाही बरं वाटलं.

शब्द झाले. आता फोटो. अमरसिंह सकाळी मोबाईल घेऊन गेले ते दुपारी परत आले. त्यांच्याकडे उसाचे दोनशे सहा फोटो होते. परिपत्रकात तूर, तीळ, नाचणी असलं काय काय मागितलेलं. मग सगळ्यांना एकदम आठवण झाली ती तानूबाईच्या वीस गुंठ्यांची. चारशे बारातून चारशे अकरा पूर्णांक आठ वजा केल्यावर जे उरतं, ते ते वीस गुंठे.

तानूबाई चौऱ्याहत्तर वर्षांची. घर विहाराच्या मागं. मुलगा बाबासो इचलकरंजीला यंत्रमागावर कामाला. तिचं रान पाणंदीच्या वळणावर आहे, चारी बाजूंनी ऊस आणि मध्ये हा चौकोन. त्यात त्या पावसाळ्यात एकूण चौदा पिकं उभी होती: जोंधळा, तूर, उडीद, मटकी, चवळी, हुलगा, भुईमूग, तीळ, कारळा, राळा, नाचणी, वरी, अंबाडी, घेवडा. काही ओळीत, काही बांधावर, काही एकमेकांच्या अंगावर.

ही विविधता तिथे कशी टिकली याचं श्रेय आमच्या संस्थेला दिलं पाहिजे. संस्थेचं पाणी गावात आलं तेव्हा तानूबाईच्या सासऱ्याने सभासदत्वासाठी अर्ज केला होता. 'शेअर्स संपले असल्याने विचार करता येत नाही' असा ठराव झाला. (त्याच महिन्यात आणखी अकरा जणांना शेअर्स दिले, ते बहुधा दुसरीकडे ठेवलेले सापडले असावेत.) पाणी नाही म्हणून ऊस नाही, ऊस नाही म्हणून बाकी सगळं. तो ठराव माझ्या हातचा, नोकरीतला पहिलाच. अक्षर सुंदर आलं होतं.

अमरसिंहांनी त्या वीस गुंठ्यांचे एक्केचाळीस कोनांतून फोटो काढले. एकच तूर चार पानांवर चार शेतकऱ्यांच्या नावाने छापली. मागे सगळीकडे ऊस येत होता, तो काही लपेना. तिथे मी खाली ओळ घातली, 'वारारोधक पट्टा'. तानूबाई खुरप्याने तण काढत, भांगलत होती. तिने मान वर करून विचारलं, "काय रं ज्ञानू, लगीन हाय का काय रानाचं?" मला नावाने हाक मारणारी गावात ती एकटीच उरली आहे.

"गावाचं बुक निघतंय, तानूबाई," मी म्हटलं.

"निघू दे. तुरीवर पाय नको दिऊस."

कोशाला जिल्ह्यात पहिला क्रमांक मिळाला. परीक्षकांनी 'पिकांची थक्क करणारी विविधता' असा खास शेरा दिला. गावात फटाके वाजले, उदयसिंहांना फेटा बांधला, आणि महिन्याभरात रस्त्याची मोजणी करायला माणसं आली.

मोजणीवाल्यांनी पाहिलं की पाणंद सगळी सरळ आहे, फक्त वळणावर अडते. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर त्या वळणावर वळत नाही. रस्ता सरळ न्यायचा तर तो तानूबाईच्या वीस गुंठ्यांतून जातो, आणि कडेला ट्रॅक्टर उभे करायला जागा धरली तर उरलेलं रानही लागतं. त्यांनी त्या जमिनीचा तक्ता भरायला घेतला. तक्त्यात 'पीक' या शब्दापुढे एक चौकोन होता. एका चौकोनात चौदा पिकं मावेनात. उदयसिंह म्हणाले, ऊस न्हाय तितं. मोजणीवाल्यांनी खुलाशासाठी आमचा पुरस्कारप्राप्त कोश उघडला, शब्द तेविसावा पाहिला, आणि चौकोनात लिहिलं: 'पड'.

म्हणजे ज्या रानाच्या पिकांवर रस्ता मिळाला, त्या रानात काहीच पिकत नसल्याने रस्ता तिथून जाणार होता. कागदोपत्री यात कुठेही चूक नाही. मी तीनदा तपासलं.

एकच गोष्ट बाकी होती. योजना लोकसहभागाची असल्यामुळे जमीन स्वखुशीने द्यावी लागते. स्वखुशी घ्यायला आम्ही गणपती बुडवल्यानंतरच्या आठवड्यात तिच्या रानात गेलो. समिती, तीस-पस्तीस गावकरी आणि कागद. कागद मी वाचून दाखवला.

"पड?" तानूबाईने तिथेच थांबवलं. "मग ह्ये काय उगवलंय? केसं?"

"आज्जी, कागदावरचं पड येगळं आन् रानातलं येगळं," उदयसिंह समजुतीने म्हणाले. "गावाचा रस्ता हाय. सगळ्यांचा ऊस निघंल."

"माझा कुठला ऊस?"

 अमरसिंहांनी 'तुझ्या बाबासोशी बोललोय, त्याची ना नाही' असं सांगून पाहिलं.

"बाबासोनं ह्या रानात कवा पाय ठेवलाय का? ह्यात मी राबतोय. ह्यातलं खाऊनच त्यो इचलकरंजीपतोर गेला." मग तिने माझ्या बगलेतला कोश मागून घेतला, चष्मा लावला आणि पानं उलटली. तिला वाचता येतं; हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात नव्हतं. "ह्ये माझं तीळ. ह्यी माझी तूर. ह्यीबी माझीच. खाली लिवलंय, गावाची पिकं. व्हय का न्हाय?"

"व्हय की," उदयसिंह म्हणाले.

"मग गावानं वळखावीत. ह्या रानात चौदा हायत. जो कोण चौदाच्या चौदा बोट लावून सांगंल, त्येच्या म्होरं मी सही करतो. अंगठा न्हाय, सही. आन् कुणालाच न्हाय आलं, तर रस्ता वळसा घिऊन जाईल आन् परत कुणी कागद आणायचा न्हाय या सालात."

गाव हसलं. पुस्तक छापलेल्या गावाला पिकं ओळखायला सांगत होती. उदयसिंहांनी चारचौघांत शब्द दिला. परीक्षक तानूबाईच, कारण उत्तरं तिलाच माहीत होती. कोश मिटून बांधावर ठेवायचा, एवढा एक नियम तिने घातला.

पहिले अमरसिंह उतरले. त्यांनी जोंधळ्यावर हात ठेवला आणि गावाकडे बघत खणखणीत आवाजात म्हणाले, "मका!"

"बस की आता," तानूबाई म्हणाली.

त्यानंतर जे झालं त्याची मी नोंद ठेवली आहे. एकूण सदतीस जण उतरले. पहिल्याच रोपाला अडलेले एकोणीस. पाचांच्या आत अडलेले बारा. नवाच्या आत चार. एकाने वरीला गवत म्हणून उपटायला घेतलं, त्याला तिने हातावर चापट मारली. स्वतः उदयसिंहांनी चारच बरोबर सांगितली आणि पाचव्याला बांधावरचं एक उंच, भरघोस रोप दाखवून विचारलं, "आन् ह्ये? ह्ये तर लई जोरात आलंय."

"त्ये तण हाय. तुमच्या उसातनं आलंय."

प्रियदर्शनी अकरापर्यंत गेली आणि प्रत्येकाचं शास्त्रीय नावही सांगितलं. कारळ्याच्या पिवळ्या फुलांपाशी मात्र ती थांबली. "आमच्या पुस्तकात ह्याचं काळं-पांढरं चित्र होतं," ती म्हणाली, आणि खरंच वाईट वाटून मागं सरली.

आण्णांनी सुरुवात झोकात केली. चाळीस वर्षं उसात काढलेला माणूस, पण बोटं चालत होती. तूर, मटकी, हुलगा, अंबाडी. नववं झालं, दहावा राळा आला. आण्णांनी कणीस तळव्यावर घेतलं. "आमची आई राळ्याचा भात करायची," ते म्हणाले, "दुधात."  पुढचं विचारलं तर म्हणाले, "घरी सोडा मला." त्यांना घरी सोडलं.

"सेक्रेटरी हायत की!" कुणीतरी ओरडलं, आणि सगळ्यांच्या जिवात जीव आला. खरंच, कोशाचा संपादक अजून उतरलाच नव्हता. उदयसिंहांनी पेन खिशातून काढून हातात धरलं.

मी चप्पल काढून रानात गेलो. इथे एक खुलासा आवश्यक आहे. मला ती चौदाही पिकं येत होती, आणि ती कोशामुळे नव्हे. माझी आई आणि तानूबाई एका पातीला, म्हणजे शेजारशेजारच्या ओळींत, भांगलायला जायच्या. मी मागं मागं. तण समजून चुकीचं रोप उपटलं की दोघींपैकी जी जवळ असेल तिचा धपाटा पाठीत बसायचा. असा अभ्यासक्रम विसरता येत नाही. शिवाय माझाही दोन एकर ऊस त्याच पाणंदीला आहे आणि तोही वाळतो. म्हणजे ज्ञान होतं, हितसंबंध होता, गावाचा विश्वास होता. योग्य निर्णयाला आणखी काय लागतं?

मी सांगत गेलो. जोंधळा. तूर. तीळ. कारळा. गाव प्रत्येक नावाला टाळी वाजवत होतं. राळा, वरी, नाचणी, टाळ्या वाढल्या. घेवडा. हुलगा. तेरा झाली. चौदावं रोप माझ्या पायाशी होतं. मी वाकून पान चोळलं. उडदाचं पान हाताला लवदार लागतं, शेंगही केसाळ असते. डोळे बांधले तरी कळतं. मी मान वर केली. तानूबाई चष्मा काढून पदराने पुसत होती. तिने विनवलं नाही, डोळे वटारले नाहीत. चष्मा नीट पुसून ती पुन्हा लावत होती, सही करायची तयारी म्हणून.

मला लाज वाटली. त्या सुंदर अक्षराची वाटली, त्या पाच शब्दांची वाटली. ती इतक्या वर्षांनी एकदम वाटली म्हणून तोंडातून भलताच शब्द गेला.

"मूग," मी म्हणालो.

 भाद्रपदात मूग रानात उभा नसतो. तो महिन्याआधीच निघून मळून पोत्यात गेलेला असतो. म्हणजे चूक एक नव्हे, दोन होत्या. दुसरी गावात कुणाच्याच लक्षात आली नाही.

तानूबाईच्या आली.  "मूग न्हवं," ती माझ्याकडे बघत म्हणाली. "उडीद." आणि खुरपं उचलून कामाला लागली.

परिणाम व्हायचे ते झाले. ज्याला उडीद-मूग कळत नाही तो कोशाचा संपादक, अशी माझी गावभर शोभा झाली. दुसऱ्या आवृत्तीतून माझं नाव काढण्याचा ठराव झाला. (ठरावाची भाषा गचाळ होती. मी दुरुस्त करून दिली.) रस्ता झाला, तो वळणापर्यंत सरळ जातो, मग वळसा घेतो. तिथे प्रत्येक ट्रॅक्टरवाला एक ट्रॉली सोडतो, दुसरी ओढून नेतो, परत येऊन पहिली जोडतो, आणि या सगळ्या वेळात माझं नाव घेतो. माझाही ऊस असाच निघतो. तेव्हा मीही घेतो.

पण शब्द त्या सालापुरता होता. तानूबाई प्रामाणिक बाई आहे. या भाद्रपदात कागद पुन्हा येणार आणि अट तीच राहणार हे तिने आपण होऊन सांगितलं आहे. गावाने तयारी सुरू केली आहे. प्रियदर्शनीने कारळा पाठ केलाय. आण्णांना राळा वगळून बाकीचं विचारायचं ठरतंय. मला पुन्हा उतरवणार नाहीत. उतरवलं तरी तोच माणूस उडीद दोनदा विसरला यावर कोण विश्वास ठेवेल?

म्हणून मी समितीला लेखी सुचवलं आहे की या वेळी बाहेरचा, निःपक्षपाती माणूस बोलवावा. शिकलेला असावा. मराठी वाचणारा असावा. शेतीविषयी त्याला कळकळ असावी, एकपीक पद्धतीबद्दल ठाम मत असावं, तानूबाईची बाजू वाचून तो मनातून हळहळलेला असावा. आणि रानात उभं केल्यावर पहिल्याच रोपाला त्याने अडावं, तेही माझ्यासारखं खोटं नव्हे, अगदी प्रामाणिकपणे. अशा माणसाच्या हातात ते वीस गुंठे सुरक्षित राहतील.

समितीने नाव विचारलं. मी तुमचं दिलं आहे.